वॉरंटी संपलेली पोर्श: वर्षाला किती बाजूला ठेवाल?

वर्षाला सव्वाचार लाख रुपये. पोर्श ७१८ केमन किंवा बॉक्सटर वॉरंटी संपल्यावर मुंबई-पुण्यात सांभाळायची, वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवायची आणि काहीही बिघडलं नाही असं धरायचं, तर एवढी तरतूद हवी. म्हणजे किलोमीटरला साधारण ७१ रुपये. कर्जाचा हप्ता आणि पार्किंगचं भाडं यात नाही. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तेही यात धरलेलं नाही.

हिशेब असा. वार्षिक सर्व्हिस एक लाख. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, पन्नास लाखांच्या आसपास असेल तर विमा एक लाख. टायरचा संच एक लाख साठ ते ऐंशी हजार; तो साडेतीन-चार वर्षं पुरला तर वर्षाचे पंचेचाळीस हजार. चारही ब्रेक डिस्क आणि पॅड मिळून तीन लाख, सहा वर्षांतून एकदा. म्हणजे वर्षाचे पन्नास हजार. बॅटरी चाळीस हजारांची, चार वर्षांनी; वर्षाचे दहा हजार. स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल आणि गिअरबॉक्सचं तेल यांचा वर्षाचा वाटा चाळीस हजार. पेट्रोल लिटरला आठ किलोमीटरच्या हिशेबाने, ११० रुपये दराने, ८२,५००. हे आकडे तरतुदीसाठी आहेत, कोणाचं दरपत्रक नव्हे. तुमच्या वर्कशॉपचं लेखी एस्टिमेट हातात आलं की त्याप्रमाणे बदलून घ्या. थोडं इकडे-तिकडे होईल, पण निम्म्यावर येणार नाही.

कारण साधं आहे. जुन्या गाडीची किंमत अर्धी होते, तिच्या सुट्या भागांची होत नाही. तुम्ही गाडी पंचेचाळीस लाखांना घेतली असेल, पण तिचा हेडलाइट नव्या गाडीच्याच भावाने येतो.

वॉरंटी संपण्याआधीचे तीन महिने

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथे, आणि बहुतेक जण हा काळ तसाच जाऊ देतात. शेवटच्या तारखेच्या तीन महिने आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून वॉरंटी वाढवण्याचा लेखी भाव मागा. पोर्शची ‘अप्रूव्ह्ड’ वॉरंटी देण्याआधी गाडीची १११ मुद्द्यांची तपासणी होते. तपासणीत जे दोष सापडतील ते आधी दुरुस्त करून घ्यावे लागतात. मूळ वॉरंटी चालू असताना तपासणी केली, तर त्यातले बरेच दोष मूळ वॉरंटीतच निघतात. महिनाभराने गेलात, तर तेच दोष तुमच्या खिशातून.

कागद हातात आला की चार गोष्टी विचारा: वयाची आणि किलोमीटरची कमाल मर्यादा किती, गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाकडे जाते का, बाहेर ऑइल बदललं तर ती रद्द होते का, आणि काय काय वगळलं आहे. टायर, ब्रेक पॅड, डिस्क, वायपर, बॅटरी असे झिजणारे भाग सहसा वगळलेलेच असतात. म्हणजे वर दिलेला सव्वाचार लाखांचा खर्च वॉरंटी वाढवूनही जवळपास तसाच राहतो. वाढीव वॉरंटी असते ती इंजिन, गिअरबॉक्स, एसी कॉम्प्रेसर आणि इलेक्ट्रॉनिक युनिटांसाठी. पीडीके, म्हणजे पोर्शचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बदलायची वेळ आली तर रक्कम दोन आकडी लाखांत जाते. या एकाच कारणासाठी वाढीव वॉरंटी घेण्यासारखी आहे. परवडत असेल तर घ्या, फार विचार करू नका.

घेणार नसाल, तरी शेवटच्या महिन्यात गाडी लिफ्टवर चढवून घ्या आणि स्वतः उभे राहा. कूलंटचे गुलाबीसर डाग, वॉटर पंपाची गळती, पुढच्या सस्पेन्शनचा खडखडाट, गिअर बदलताना बसणारा झटका, एसीची कमी झालेली थंडी, जे दिसेल ते जॉबकार्डवर लिहून घ्या. तोंडी ‘बघतो, सर’ चालणार नाही. भाग मागवायला दोन महिने लागले तरी हरकत नाही, पण तक्रार मुदतीत नोंदली गेली हे तारखेसह कागदावर दिसलं पाहिजे.

वॉरंटी संपलेलीच गाडी घेत असाल तर

सौदा पक्का करण्याआधी अधिकृत सेंटरमध्ये तपासणी करा आणि पैसे तुम्ही भरा. विकणाऱ्याने दाखवलेला तपासणी अहवाल धरू नका. पोर्शचं निदान यंत्र ‘पिविस’ लावून दोन गोष्टी काढून घ्यायला सांगा. पहिली, इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलं गेलं याची नोंद. दुसरी, इंजिन एकूण किती तास चाललं. आता मीटरवरच्या किलोमीटरला तासांनी भागा. मीटर १८,००० आणि इंजिनाचे तास ६०० असतील, तर सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर येतो. हे पटण्यासारखं आहे. तास १,४०० असतील तर सरासरी तेरावर येते. अंधेरी-कुर्ला रोडवरही रोज एवढे हाल होत नाहीत. मीटर मागे फिरवल्याची शंका घ्या आणि सर्व्हिसचा इतिहास चेसिस क्रमांकावरून ताडून पाहा.

कुठलं मॉडेल, यावर बरंच अवलंबून आहे. २००५ ते २००८ मधल्या ९८७ या जुन्या केमन-बॉक्सटर मालिकेच्या इंजिनात मधल्या शाफ्टचं बेअरिंग, म्हणजे आयएमएस बेअरिंग, ही ओळखीची कमजोरी आहे; ते फुटलं तर इंजिन जातं. अशी गाडी घेताना ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का हे पाहा. २००९ पासूनच्या इंजिनात तो शाफ्टच नाही. २०१२ ते २०१६ ची ९८१ आणि त्यानंतरची ७१८ यांच्याबद्दल ही काळजी नको. पेट्रोलवरच्या ७१८चं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं. ‘आता भाव वाढणार’ असं दलाल सांगेल; त्या भरवशावर हिशेब मांडू नका.

कॅलिपरचा रंग बघा. पिवळा असेल तर ब्रेक सिरॅमिक असण्याची शक्यता मोठी, आणि मग एकेका डिस्कची किंमत लाखांत. वर दिलेला तीन लाखांचा अंदाज त्यांना लागू नाही. टायरवर ‘एन’ अक्षर आणि पुढे आकडा आहे का बघा. तो पोर्शने मान्य केलेल्या टायरचा शिक्का. चारही टायरवर तो सारखाच हवा. उत्पादनाचे चार आकडे वाचा: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी सहा वर्षांचा टायर बदलायचाच आहे. तेवढी रक्कम सौद्यातून वजा करून मागा.

कागद: मूळ आरसी, फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, चालू विमा आणि पीयूसी, सर्व्हिसची सगळी बिलं, दोन्ही किल्ल्या. गाडी दिल्ली किंवा बंगळुरूहून येत असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर वयानुसार नव्याने भरावा लागतो. आयात गाडीवर नव्या नोंदणीचा इथला दर २० टक्के आहे, हे लक्षात ठेवूनच दिल्लीच्या ‘स्वस्त’ गाडीकडे बघा. दुसरी किल्ली नसेल तर नवी किल्ली आणि तिचं कोडिंग यांचा भाव आधी विचारा. विमा चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायचा अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही.

बिलातल्या छुप्या रकमा

एस्टिमेटवर ‘अधिक कर’ असं बारीक अक्षरात असतं. लाखाचं एस्टिमेट म्हणजे १,१८,००० चं बिल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. टायर आणि बॅटरीवरचाही. जुन्या एस्टिमेटवर २८ टक्के लावलेले दिसले तर नवं मागा. तीन लाखांच्या ब्रेकवर हा फरक तीस हजारांचा आहे.

‘कन्झ्युमेबल्स’ या ओळीखाली ग्रीस, क्लीनर, फडकी असं काहीही येतं. तपशील मागा. मग रक्कम बहुतेक वेळा आपोआप कमी होते. ‘डायग्नोसिस चार्ज’ दुरुस्ती तिथेच केली तर बिलातून वजा होतो का, हे आधी विचारा. ‘उघडून बघावं लागेल’ असं सांगितलं तर उघडण्याची आणि परत जोडण्याची मजुरी लिहून घ्या. दुरुस्ती नाकारलीत तरी ती द्यावी लागते. गाडी महिनाभर पडून राहिली तर दिवसाला पार्किंगचा आकार लावणारे आहेत. भाग जर्मनीहून विमानाने मागवला तर तातडीचा अधिभार पडतो. घाई नसेल तर ‘जहाजाने चालेल’ असं ठणकावून सांगा. कोणी आपणहून विचारत नाही.

जुने काढलेले भाग परत मागा आणि ही अट काम सुरू होण्याआधी जॉबकार्डवर लिहा. डिस्क बदलल्या असतील तर जुन्या डिस्क डिकीत दिसल्या पाहिजेत.

बाहेरचं गॅरेज: कशासाठी हो, कशासाठी नाही

वॉरंटी संपली की अधिकृत सेंटरची सक्ती संपते. मुंबई-पुण्यात जर्मन गाड्यांची कामं करणारी चांगली स्वतंत्र वर्कशॉप आहेत. ऑइल, फिल्टर, पॅड, डिस्क, सस्पेन्शन, बॅटरी ही कामं तिथे निम्म्या-पाऊण खर्चात होतात. अट एकच: तेल पोर्शच्या ए४० मान्यतेचं किंवा तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडलेला. ९८१ मध्ये तेल सात लिटरच्या वर जातं आणि डिपस्टिक नाही. पातळी डॅशबोर्डवर पाहायची. त्यामुळे ‘थोडं जास्तच टाकलं, सर’ हे इथे चालत नाही.

पीडीकेच्या आतलं काम, इंजिन उघडणं, किल्ली आणि कंट्रोल युनिटचं कोडिंग अधिकृत सेंटरमध्येच करा. पीडीकेच्या क्लचचं तेल ठरल्या मुदतीत बदललं तर लाखभराचं काम. मुदत मॅन्युअलमध्ये आहे, ९८१ मध्ये साधारण सहा वर्षं किंवा ९० हजार किलोमीटर. ‘लाइफटाइम ऑइल आहे, हात लावू नका’ म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. गाडी कमी चालली तरी वर्षं मोजा.

सुट्या भागांत खरी बचत एका गोष्टीत आहे. पोर्शच्या खोक्यातला बराच माल बॉश, माहले, ब्रेम्बो यांचाच असतो. त्याच कंपनीचा तोच भाग पोर्शच्या शिक्क्याशिवाय बराच स्वस्त मिळतो. भाग क्रमांक जुळवा, मगच घ्या. परदेशातून कुरिअरने मागवत असाल तर किमतीत कस्टम ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचा हाताळणी आकार मिळवा. शेवटचा आकार पार्सल दारात आल्यावर कळतो. न्यू जर्सीच्या भावाला बॅगेतून सेन्सर आणायला सांगणं ठीक, पण एअरबॅग आणि डिकी उचलणारे गॅसचे दांडे विमानाच्या बॅगेत घालायला सांगू नका. ते विमानतळावरच काढून घेतले जातात.

मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट किंवा इंजिनाचं रिमॅपिंग वॉरंटी संपल्यावर ‘आता काय हरकत आहे’ म्हणून केलं जातं. हरकत आहे. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेम नाकारायला आयतं कारण देतो.

विमा: पाचव्या वर्षानंतर नीट वाचा

बऱ्याच कंपन्या ‘झिरो डेप’ पाच वर्षांपर्यंतच देतात, काही थोडं पुढे. ते गेलं की क्लेमच्या वेळी प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. समजा सात वर्षांच्या गाडीचा बंपर दोन लाखांचा आणि पुढचं झाकण दोन लाखांचं. कंपनी देणार बंपरचे एक लाख, झाकणाचे एक लाख वीस हजार, आणि त्यातून सक्तीचे २,००० वजा. एक लाख ब्याऐंशी हजार तुमचे. म्हणून प्रीमियमची तुलना करताना झिरो डेप देणारी कंपनी शोधा, वीस हजार जास्त घेत असली तरी.

पाच वर्षांनंतर आयडीव्ही तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. प्रीमियम कमी दिसावा म्हणून एजंट ती खाली आणतो. गाडी चोरीला गेली तर तेवढेच पैसे मिळतात. इंजिन प्रोटेक्ट हे कलम मुंबईत वगळूच नका: पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करताना इंजिनात पाणी गेलं, तर साधी पॉलिसी हात वर करते. ते कलम असलं तरी पाण्यात गाडी पुन्हा सुरू करू नका. फोटो काढा आणि फ्लॅटबेड बोलवा.

थर्ड पार्टीचा भाग मात्र सगळ्यांना सारखा. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला २०२२ मध्ये ठरलेला दर ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी.

आरटीओत किती

पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. फॉर्म २५, मुदतीआधी साठ दिवसांत अर्ज, गाडीची तपासणी, आणि पुढची पाच वर्षं. साध्या मोटारीला फी ५,०००, आयात मोटारीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार वीस वर्षांच्या पुढे ती १०,००० आणि ८०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये दंड. २०१०-११ ची ९८७ घेत असाल, तर हे ४०,००० कोण भरणार ते सौद्यात लिहून घ्या. एजंट ‘सगळं मिळून’ रक्कम सांगेल. सरकारी पावती मागा आणि उरलेली रक्कम त्याची मजुरी समजा.

एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते: ७४५ रुपये अधिक जीएसटी. या गाडीला अल्टोच्या भावात मिळणारी बहुधा ही एकच वस्तू.

पावसाळा, बॅटरी आणि ई-२०

बॉक्सटरच्या कापडी छताचं पाणी बाजूच्या नळ्यांतून खाली जातं. पिंपळाची, गुलमोहराची पानं त्यात अडकली की पाणी आत उतरतं. ९८७ आणि तिच्याआधीच्या ९८६ मध्ये ते सीटखालच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचून गाडी सुरूच होत नाही. मे महिन्यात नळ्या साफ करून घ्या. काम अर्ध्या तासाचं. त्याच वेळी पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागचा कचरा काढून घ्या. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर तिथेच असतात आणि ओला पालापाचोळा त्यांना कुजवतो.

गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर बॅटरी मेंटेनर घ्या. पाच-दहा हजारांत चाळीस हजारांची बॅटरी वाचते. बॅटरी पुढच्या झाकणाखाली आहे आणि झाकण विजेवर उघडतं. बॅटरी मेली की झाकण बंद. फ्यूज बॉक्समध्ये ओढून काढायचं लाल टर्मिनल असतं, त्याला बाहेरून बारा व्होल्ट दिले की उघडतं. पद्धत मॅन्युअलमध्ये आहे. आजच वाचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला पहार घेऊन यावं लागणार नाही. टूलकिटमध्ये टोइंगचा हुक आहे का तेही बघा. तो उलट्या आट्यांचा असतो. आणि स्टेपनी नाही. पंक्चरच्या बाटलीवर तारीख असते, ती उलटली असेल तर बाटली निकामी.

पेट्रोल पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. तुमची गाडी किती इथेनॉल चालवते हे टाकीच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ऑक्टेन किमान ९५. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल लिटरमागे पन्नास-साठ रुपये महाग पडतं. रोज भरायची गरज नाही, पण जुनी ९८७ पावसाळाभर झाकून ठेवणार असाल तर तेच भरून ठेवा.

बिलावरून वाद झाला तर

आधी ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग ग्राहक आयोग. कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. दुरुस्तीचं बिल पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात, आणि फी शून्य. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगच. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. विम्याचा वाद असेल तर मुंबई आणि पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार विनामूल्य आहे. दोन्हीकडे जॉबकार्ड, एस्टिमेट आणि तुमचे ईमेल मागतील. व्हॉट्सअॅपवरचा ‘ओके सर’ कमकुवत पुरावा आहे.

शेवटी घ्यायचा निर्णय एकच आहे. वर्षाच्या सव्वाचार लाखांशिवाय आणखी दहा लाख रुपये मुदत ठेवीत, फक्त या गाडीच्या नावाने ठेवता येत असतील, तर गाडी ठेवा आणि खुशाल चालवा. येत नसतील तर वाढीव वॉरंटी घ्या. तीही जड वाटत असेल, तर वॉरंटी संपण्याच्या तीन महिने आधी गाडी विकायला काढा. वॉरंटी शिल्लक असेपर्यंतच तिला चांगलं गिऱ्हाईक मिळतं.